सुरुवात कोणी केली, आई?

आमच्या बेसातून महाल या भागात जायचं म्हणजे मानेवाडा चौक, तुकडोजी पुतळा, क्रीडा चौक ओलांडायचे आणि मग जुन्या नागपूरच्या गल्ल्यांत शिरायचं. रस्ता मोकळा असला तर अर्धा तास. पण आमच्या लेआउटमध्ये वाढणाऱ्या मुलांना महाल ठाऊक आहे तो तान्ह्या पोळ्याचा नंदी घेण्यापुरता आणि मारबतीची मिरवणूक बघण्यापुरता. त्यांची शाळा, ट्यूशन, मैदान सगळं रिंगरोडच्या आसपास. कालपरवापर्यंत इथे शेतं होती, आता फ्लॅट स्कीमला फ्लॅट स्कीम लागून आहे.

17 मार्च 2025 च्या रात्री हाच महाल आमच्या घरात मोबाइलवरून आला. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा, या मागणीसाठी त्या दिवशी महालात आंदोलन झालं, हिरव्या कापडाची प्रतीकात्मक कबर जाळली गेली. कापडावर पवित्र आयती होत्या, अशी बोलवा झाली. ती अफवा असल्याचं पोलिसांनी सांगितलं, पण तोवर उशीर झाला होता. संध्याकाळी चिटणीस पार्क आणि भालदारपुऱ्यात दगड उडाले, रात्री हंसापुरीत गाड्या जळाल्या. तीसहून जास्त पोलिस जखमी झाले. जखमी झालेल्या एका माणसाचा पाच दिवसांनी दवाखान्यात मृत्यू झाला. शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली, ती 23 मार्चला पूर्ण उठली. बेसा त्या हद्दीबाहेर होतं. आमच्याकडे दूध वेळेवर आलं, भाजीवाला आला, आणि मुलांनी मोठ्यांच्या आधी सगळे व्हिडिओ पाहिले.

थोरली बारा वर्षांची आहे, धाकटा आठ. थोरलीचा प्रश्न एकच होता, "सुरुवात कोणी केली, आई?" धाकट्याला गाड्यांचं वेड. तो म्हणाला, "ती गाडी कोणाची होती, ते जाळणाऱ्याला माहीत होतं काय?"

स्कीममधल्या बहुतेक घरांत अशा वेळी 'मोठ्यांच्या गोष्टी आहेत, तुम्ही जा खेळायला' असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. आपण गप्प बसलो म्हणून गोष्ट सांगायची राहत नाही. ती दुसरा कोणीतरी सांगतो, अर्ध्या मिनिटात, आरडाओरड करत, आणि त्या सांगण्यात एक 'ते' असतात आणि एक 'आपण'. म्हणून संचारबंदी उठून थोडे दिवस गेल्यावर एका रविवारी सकाळी दोघांना घेऊन महालात गेले.

गांधी गेटपासून चिटणीस पार्क, तिथून भालदारपुरा, मग हंसापुरी. पायीच. दुकानं उघडी होती. एका भिंतीखाली रस्ता काळा पडला होता, डांबर वितळून पुन्हा घट्ट झाल्याच्या खुणा होत्या आणि फटीत काचेचा बारीक चुरा अडकला होता. धाकटा उकिडवा बसून तो बघत राहिला. बाजूच्या दुकानदारानं त्याला सांगितलं, "हात नको लावू बेटा, लागेल." इथे कोणाची गाडी होती, असं यानं विचारलंच. दुकानदार म्हणाला, "एक कामावर जाणाऱ्याची होती. हप्ते चालू होते तिचे." मुलानं पुढे काही विचारलं नाही, पण हप्ते म्हणजे काय हे त्याला माहीत आहे. आमच्याही गाडीचे चालू आहेत.

सुरुवात कोणी केली, याचं उत्तर मी तिथेच चालता चालता द्यायला लागले. आणि ते नागपूरच्याच सुरुवातीपाशी गेलं. हे शहर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, 1702 च्या सुमारास, बारा लहान गावं जोडून. त्यानं इस्लाम स्वीकारला होता. बख्त बुलंद हे नाव त्याला मिळालं ते औरंगजेबाकडून. आणि पुढे तोच राजा त्याच औरंगजेबाविरुद्ध उठला. ज्या बादशहाच्या कबरीवरून गाड्या जळाल्या, त्याचा आणि या गल्ल्यांचा संबंध असा गुंतलेला आहे. थोरलीला हे कोणत्याही पुस्तकात भेटलं नव्हतं. "म्हणजे तो राजा कोणाकडून होता?" तिनं विचारलं. मी म्हटलं, तो आपल्या राज्याकडून होता.

1923 आणि 1927 हेही सांगितलं. मशिदीसमोरून वाजंत्री नेण्याचा वाद, त्यावर निघालेल्या दिंड्या, आणि चार वर्षांनी सप्टेंबरमध्ये याच महालात झालेली मोठी दंगल. आपल्या पणजोबांच्या काळातही हेच होतं, हे ऐकून मुलीचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं, हे नवीन आहे.

परतताना सक्करदऱ्यावरून ताजबागेत गेलो. मुद्दामच. 1861 साली कामठीत जन्मलेले ताजुद्दीनबाबा नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. मराठा राजघराण्यानं एका मुसलमान फकिराला घरी ठेवून घेतलं, त्याची सेवा केली. 1925 मध्ये बाबा गेले. आज उमरेड रोडच्या दर्ग्यात चादर घेऊन उभ्या राहणाऱ्यांत कपाळावर कुंकू असलेल्या बायका बऱ्याच दिसतात. मुलांनी त्या पाहिल्या. हे सगळं बेसापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तरी ती दोघं पहिल्यांदाच तिथे आली होती.

पण ताजबाग दाखवून काम संपत नाही, हे मला तिथेच कळत होतं. 'पूर्वी सगळे गुण्यागोविंदानं राहत होते' ही गोष्ट मुलांना एक दिवस पुरते. दुसऱ्या दिवशी ती विचारतात, मग बिघडलं कसं? आणि बिघडलेलं कोणी नीट केलं का कधी? या दुसऱ्या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं जे सगळ्यात नेमकं उत्तर मला ठाऊक आहे, ते भिवंडीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, डोंबिवलीला नणंदेकडे जायचंच होतं, तर विदर्भ एक्स्प्रेसची तिकिटं काढली आणि एक दिवस भिवंडीसाठी राखून ठेवला.

संध्याकाळी गाडीनं नागपूर सोडलं तेव्हा डब्याच्या खिडकीतून येणारा वारा भट्टीतला होता. वर्धा गेल्यावर डबे उघडले, पोळ्या-भाजी खाल्ली आणि मधल्या बर्थवर दोघांना बसवून सांगायला घेतलं.

भिवंडी हे यंत्रमागाचं गाव. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, मराठी बोलीत बोलणारे कोकणी मुसलमान, आंध्र-तेलंगणातले पद्मशाली, भोवतीचे आगरी, सगळ्यांचं पोट सुतावर. नागपुरातही कोष्टी आणि मोमीन शेजारी शेजारीच विणत आले, त्यामुळे मुलांना ते समजलं. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल पेटली. ती लगेच जळगावला आणि महाडलाही गेली. शंभराहून जास्त माणसं मेली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगानं चौकशी केली. त्याचा अहवाल अनेक खंडांचा आहे आणि थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. न्यायमूर्ती त्या दिवसाच्या पहिल्या दगडापाशी थांबले नाहीत. ते काही वर्षं मागे गेले. कोणत्या मिरवणुकीत मशिदीसमोर गुलाल उडाला, कोणत्या घोषणा दिल्या गेल्या, दोन्हीकडे कोणत्या संघटना उभ्या राहिल्या, पोलिस कुठे डोळेझाक करत होते, हे सगळं त्यांनी एकेक करून मांडलं. दंगल ज्या दिवशी होते त्याच्या खूप आधी सुरू झालेली असते. मुलांना एवढं सांगितलं की पुरतं. ती लगेच आपल्या वर्गातली उदाहरणं द्यायला लागतात.

मिरवणुकीवर बंदी आली. चौदा वर्षांनी, 1984 मध्ये, ती पुन्हा निघाली. त्याच मे महिन्यात झेंड्यांवरून वाद पेटला आणि भिवंडी, कल्याण, ठाणे, मुंबई जळत गेली. अडीचशेहून जास्त माणसं गेली. भिवंडीतल्या अन्सारी बागेत जे घडलं, त्यातलं मी मुलांना फक्त एवढंच सांगितलं की लोक एका ठिकाणी जीव वाचवायला जमले होते आणि तिथेच मारले गेले. आठ वर्षांच्या मुलाला याहून जास्त सांगायची गरज नसते. याहून कमी सांगणंही मला बरोबर वाटत नाही.

आणि मग डिसेंबर 1992. बाबरी मशीद पडली आणि मुंबईत दोन महिन्यांत दोन फेऱ्यांत दंगल झाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलेले मृत्यू 900. आकडा ऐकल्याबरोबर थोरलीनं विचारलं, "त्यातले आपले किती?"

डब्यातल्या अंधारात तो प्रश्न मला फार लागला. तिच्या तोंडी हा शब्द कुठून आला हे शोधायला लांब जावं लागत नव्हतं. मी तिला रागावले नाही. आयोगाचे आकडे जसे आहेत तसे सांगितले. 575 मुसलमान. 275 हिंदू. 5 इतर. आणि 45 जण असे, ज्यांचा धर्म कळलाच नाही.

ती बराच वेळ त्या 45 पाशी अडकून राहिली. "म्हणजे त्यांना कोणात धरायचं?" मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्या घरी कोणाला कळलं पण नसेल?" धाकटा झोपला होता. ती बडनेरा येईपर्यंत जागी होती.

पहाटे कल्याणला उतरलो. दुसऱ्या दिवशी दुर्गाडीच्या पुढे उल्हास नदीवरचा पूल ओलांडला, कोन गाव, रांजणोली नाका, ट्रकच्या रांगा, गोदामं, आणि कल्याण नाक्यापासून भिवंडी सुरू. मागाचा आवाज आधी पायाला जाणवतो, मग कानाला. नणंदेच्या ओळखीतल्या एका चाचांच्या शेडमध्ये गेलो. खाली वाकून शिरावं लागतं, आत दिवसाही ट्यूबलाइट. पंचवीस-तीस माग एकदम चालू असतात तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कारीगर एकमेकांशी हातानं, भुवयांनी बोलतात. ताण्याचा एक धागा तुटला की माग थांबवायचा, हजारो धाग्यांतून नेमका तोच तुटका शोधायचा, बोटाच्या पेरावर गाठ मारायची, उरलेलं टोक खुडायचं आणि माग पुन्हा सोडायचा. धाकट्यानं त्या कारीगराच्या मागे उभं राहून हे इतक्या वेळा पाहिलं की शेवटी त्यानं याला एक कांडी भेट दिली, हिरव्या सुताची.

बाहेर चहाच्या टपरीवर चाचांनी 1984 सांगितलं. माग जळले, लोखंड वाकलं. सूत देणारा व्यापारी हिंदू, माग चालवणारा मुसलमान, कापड उचलणारा पुन्हा हिंदू. कोणाचंच देणं कोणाला फिटलं नाही. "बेटा, सहा महिने इधर आवाजच नव्हता," ते म्हणाले. त्या शेडमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना आवाज नसणं म्हणजे काय ते लगेच कळलं.

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी काय केलं ते मी वाचलं होतं. त्यांचं 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे पुस्तक आमच्या घरी आहे. पण मुलांना ते एका निवृत्त पोलिस जमादारांनी सांगितलं, आणि ते जास्त चांगलं झालं. खोपड्यांनी गावात सुमारे 70 मोहल्ला समित्या केल्या. प्रत्येकीत दोन्ही धर्मांची माणसं निम्मी निम्मी. पुढाऱ्यांना आणि गुंडांना जागा नाही, साधे दुकानदार, मास्तर, कारीगर, घरच्या बाया. आणि प्रत्येक मोहल्ल्याची जबाबदारी एका शिपायावर किंवा जमादारावर. बैठक ठरल्या वेळी व्हायची. तणाव असो, नसो.

"बैठकीत दंगलीवर बोलत होते काय?" धाकट्यानं विचारलं.

"नाही रे," जमादार म्हणाले. "नळावर बोलायचे. गटार तुंबलं त्यावर. कोणाची बकरी कोणाच्या दारात घाण करते त्यावर. नवराबायकोचं भांडण, पोराची मारामारी. ते सगळं तिथं मिटायचं. मग काय होतं, माणसाला माणसाचं नाव माहीत होतं. रात्री कोणी सांगितलं, अमक्या गल्लीत तलवारी जमल्यात, तर त्या गल्लीतल्या माणसाला उठवून विचारता येतं, की काय रे बाबा, खरं का?"

मला वाटतं शांततेची प्रक्रिया मुलांना समजावायची तर ही एवढी गोष्ट पुरे आहे. मोठ्या टेबलावरचा करार, हस्तांदोलन, फोटो हे त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. रात्री कोणाला उठवून विचारायचं, हे येतं. नागपुरात 17 मार्चला कापडावर काय लिहिलं होतं, हे रात्री फोन करून विचारता येईल असं माणूस दोन्हीकडे किती जणांकडे होतं? माझ्याकडे नव्हतं.

डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दोनदा जळालेलं गाव, सगळ्या राज्यानं ज्याच्याकडे धास्तीनं पाहिलं असतं ते गाव, शांत राहिलं. पुढे मुंबईनंही तो धडा घेतला. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकारानं तिथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, पोलिस आणि वस्त्यांमधल्या पोरांचे क्रिकेटचे सामने व्हायला लागले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोघा मित्रांनी चार मुलांना चार धर्मांचे वेश देऊन काढलेलं पोस्टर घरोघर नेलं.

इथे थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. जमादार थांबले नाहीत, मीही त्यांना थांबवलं नाही. ते आम्हाला कोटरगेटकडे घेऊन गेले. जुलै 2006 मध्ये इथे पोलिस ठाण्याच्या बांधकामावरून वाद झाला. ती जागा कब्रस्तानाची आहे, असं मुसलमानांचं म्हणणं होतं. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली आणि त्यानंतर जमावानं दोन पोलिसांना मारलं. जमादार हे सांगताना रस्त्याकडे बघत होते. त्यांच्याच खात्यातली माणसं. थोरलीनं विचारलं, "मग समित्या?" ते म्हणाले, "बैठका बंद पडल्या की समिती कागदावर राहते, बाळ."

तिला ते अन्यायाचं वाटलं. एकदा मिटलेलं भांडण पुन्हा कसं होतं? परतीच्या गाडीत मी तिला मोबाइलवर बेलफास्टचा नकाशा उघडून दिला. उत्तर आयर्लंडमध्ये एकाच येशूला मानणारे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट तीस वर्षं एकमेकांना मारत होते, सुमारे साडेतीन हजार माणसं गेली. 10 एप्रिल 1998 ला करार झाला. 22 मे रोजी लोकांचं मत घेतलं तेव्हा उत्तर आयर्लंडमधल्या 71 टक्के मतदारांनी हो म्हटलं. तरी 1969 पासून वस्त्यांच्या मध्ये उभारलेल्या भिंतींपैकी अनेक अजून आहेत आणि त्यातले काही दरवाजे आजही रात्री बंद होतात. बहुतेक मुलं अजून आपापल्या पंथाच्या शाळेतच जातात. 1981 मध्ये काही पालकांनी 28 मुलं घेऊन लॅगन कॉलेज नावाची दोन्ही पंथांची शाळा काढली, करार व्हायच्या सतरा वर्षं आधी, बाहेर बॉम्ब फुटत असताना. 28 म्हणजे हिच्या वर्गापेक्षा कमी.

नकाशा बघता बघता ती म्हणाली, "आई, आपल्या स्कीममध्ये मुसलमान कोणीच काहून नाही?"

धाकट्यानं सांगितलं, "त्यांनी घर घेतलं नसेल ना."

मी खरं ते सांगितलं. आपल्याकडे फ्लॅट दाखवताना आधी आडनाव विचारलं जातं आणि आडनाव ऐकून फ्लॅट 'बुक झालाय' असं सांगितलं जातं. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना माहीत असतं आणि मलाही माहीत होतं. थोरलीनं खिडकीकडे तोंड केलं. बराच वेळ ती माझ्याशी बोलली नाही. तो तिचा राग मला योग्य वाटला.

बेसात परतल्यावर मी चौकशी केली. सणाआधी पोलिस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, ही पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. आमच्या भागातही होते. स्कीममधून त्या बैठकीला आजवर कोणी गेल्याचं कोणाला आठवत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं की बकरी ईदच्या आधीच्या बैठकीला मी जाते आहे, कोणी येणार का. दोन अंगठे आले, एक काकू 'येते' म्हणाल्या. थोरलीनं वहीत प्रश्न लिहून ठेवलेत. पहिला असा आहे की बैठक फक्त सणाआधीच का, दर महिन्याला का नाही. बारा वर्षांच्या मुलीला आत बसू देतात का, ते उद्या ठाण्यात जाऊन विचारून येते.